नमुन्याचा गाल

डॉक्टरनं माझी हनुवटी पेन्सिलीनं वर केली.

बोटानं नाही. टेबलावरची पेन्सिल उचलली, तिचं मागचं टोक माझ्या हनुवटीला लावलं आणि माझं तोंड खिडकीकडं वळवलं. परभणीतला दवाखाना. मी स्टुलावर. माझा बाप दाराच्या बाहेर, चपला हातात धरून. समोरच्या खुर्चीत मालकीणबाई, बाच्या मालकांची बायको, नाकाला पदर लावून. मी सकाळी साबण लावून अंघोळ करून, माझा एकुलता एक धड झंपर घालून आले होते. तरी पदर नाकाला.

डॉक्टरनं त्याच पेन्सिलीनं माझ्या गालासमोर हवेत गोल काढला. डोळ्याखालून कानापर्यंत, कानापासून जबड्यापर्यंत. मग मालकीणबाई उठल्या. दोन हात लांबून वाकल्या आणि बॅटरीचा उजेड माझ्या डोळ्यात मारला.

"आगं बाई, डोळ्याच्या आतबी हाय की हिला," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात आनंद होता. माझ्या डोळ्यातल्या डागाचा कुणाला आनंद व्हावा, हे मला तेव्हा कळेना. पण मी तो आवाज ध्यानात ठेवला.

"चालेल," डॉक्टर म्हणाला. मालकीणबाईंना म्हणाला. माझ्याशी तो अजून एक शब्दही बोलला नव्हता.

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून डाग आहे. काळपट निळा. डोळ्याच्या खालून सुरू होतो आणि जबड्यापर्यंत उतरतो. डोळ्याच्या पांढऱ्यातही निळी झाक आहे. दुखत नाही, खाजत नाही. मला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास लोकांना होता.

ज्याच्या त्याच्याजवळ त्याचं कारण होतं. गावातल्या बाया म्हणायच्या, ही पोटात असताना गिरानात, ग्रहणात, हिच्या मायनं इळी हातात धरली असंल. शाळेतले गुरुजी म्हणायचे, तोंड धूत नाही. गावाच्या वरच्या आळीत काय म्हणायचे ते मायनं मला कधी सांगितलं नाही, पण त्या आळीतून जाताना ती माझा हात घट्ट धरायची. आणि आमच्याच वस्तीतल्या म्हाताऱ्या, त्यांचं तर ठरलेलं होतं. "देव पुर्णंत सोडले ना तुज्या बापानं? त्येचं हे."

ते मात्र खरं होतं. म्हणजे देव सोडल्याचं. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, तेव्हा घराघरांतले देव गोळा केले. ते टोपलीत घालून पूर्णा नदीत कुणी सोडायचे, तर कुणाचा हात पुढं होईना. धर्म बदलला तरी भीती लगेच बदलत नाही. माझा बा तेव्हा पोरगाच होता, नुकतं मिसरूड फुटलेलं. त्यानं टोपली डोक्यावर घेतली, कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि उलटी केली. पुढं मी जन्मले ते असं तोंड घेऊन. म्हाताऱ्या बाळंतिणीच्या खोपटाबाहेर जमल्या. म्हणाल्या, आता तरी कोंबडं काप. बा म्हणाला, "कोंबडं काटीन, पर खायाला. देवाला न्हाई."

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली जायची की मला ती तोंडपाठ होती. देवाला न भिणारा माझा बाप. मला त्याचा लय गर्व होता.

तोच बा जिंतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. आडत दुकानाच्या मालकासमोर उभा राहिला की त्याची मान आपोआप खाली जायची. मालक म्हणजे बडं प्रस्थ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, तोंडात साखर. आमच्या धर्मात कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही, असं ते त्यांच्या धर्मगुरूंच्या जयंतीच्या भाषणात सांगायचे. आम्ही खाली बसून ऐकायचो. भाषण संपलं की ते ज्या सतरंजीवरून उठायचे ती उचलायचं काम बाकडं, कारण ओझं उचलायला बा चालत होता.

मी शाळा सुटल्यावर बाला भाकरी द्यायला मोंढ्यात जायची. तिथं एक काम बघत बसायला मला आवडायचं. शेतकरी जवारीची, मुगाची पोती घेऊन यायचा. मालक पोतं उघडायला लावत नसत. त्यांच्या हातात एक लोखंडी नळी असायची, पुढून टोकदार, मधून पोकळ. ती ते पोत्यात खुपसायचे. नळीतून मूठभर दाणे हातावर यायचे. मालक ते चोळायचे, फुंकायचे, एकदोन दाताखाली फोडायचे. मग म्हणायचे, चालेल. किंवा नाही चालणार. हातातले दाणे खाली टाकून द्यायचे. त्याला नमुना म्हणत. पोत्याला पडलेल्या भोकातून मागाहून दाणे गळत राहायचे आणि बा त्या भोकात चिंधी कोंबायचा.

मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात एक दिवस बा हसत घरी आला. हसत म्हणजे अगदी दात दिसत होते.

"मालक म्हनले, तुज्या पोरीचा इलाज करू. परभनीला डाक्टर आलाय, मुंबईला शिकून. तोंडावरचा डाग काडतोय. समदं मुफत. जीपबी त्येंचीच."

माय चुलीपुढं होती. तिनं वळून बघितलं नाही.

"कामून?" ती म्हणाली.

"कामून म्हंजी? दया आली आसंल."

"ह्या मानसानं तुला कवा फाटकी गोनी तरी दिली का? दया काय आजच उगवली?"

बा चिडला. म्हणाला, तुला चांगलं बघवत न्हाई. पोरीचं लगीन कसं व्हनार, ते सांग. माय गप्प झाली. लग्नाचं नाव काढलं की आमच्याकडच्या बायांचं तोंड बंद होतं, मग त्यांचं म्हणणं बरोबर असलं तरी.

मला विचाराल तर मी पण मायच्या बाजूची होते. फुकट मिळालेली अशी एकही गोष्ट मला आठवत नव्हती, जिच्यात खडा नव्हता. पण खोटं कशाला सांगू. रात्री मी हातानं गाल झाकून आरशाच्या तुकड्यात उरलेलं अर्धं तोंड बघितलं होतं. ते चांगलं दिसत होतं. मला ते दुसऱ्या बाजूलाही पाहिजे होतं. संशय होता आणि हावही होती. दोन्ही घेऊन मी जीपमध्ये बसले.

मालकीणबाई पुढं, ड्रायव्हरजवळ. मी आणि बा मागं, रिकाम्या पोत्यांवर. वाटेत मालकीणबाई मागं न वळता मला विचारू लागल्या.

"उन्हात गेलं की गडद व्हतोय का गं तुजा?"

"व्हय."

"आन पाळीच्या वक्ताला?"

बासमोर असं विचारलेलं. मी खाली बघितलं. "व्हय," म्हणाले.

"हां. व्हतोय. आन लहानपनी फिका व्हता, वयात आल्यावर वाढला?"

"व्हय."

हे सगळं खरं होतं. पण पाळीचं तर फक्त मला माहीत होतं. माझ्या मायलाही मी ते कधी बोलले नव्हते. मग ह्यांना कसं माहीत? ज्याच्या घरी विंचू निघाला नाही, तो विंचवाच्या नांगीची लांबी विचारत नाही. मी जीपच्या मागच्या फडक्याच्या फटीतून मागं पळणारा रस्ता बघत राहिले आणि मनात तेच घोळवत राहिले. परभणी आली. मग तो दवाखाना. मग ती पेन्सिल.

चालेल म्हटल्यावर डॉक्टर बोलायला लागला. तरणा होता, गोरा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याला स्वतःचं बोलणं फार आवडत होतं.

"परदेशात आता लेसर नावाचे किरण निघालेत," तो मालकीणबाईंना म्हणाला. "उजेडाची मशीन. कातडीला न कापता आतला रंग जाळायची. पण ती आपल्याकडं यायला अजून कैक वर्षं लागतील. तोवर हे आहे. हे पण चांगलं आहे. फक्त आपल्या लोकांच्या सावळ्या कातडीवर किती वेळ दाबायचं, याचा अंदाज घ्यावा लागतो."

अंदाज. हा शब्द मला टोचला. पण तो नीट कळायच्या आत कंपाउंडर कामाला लागला होता.

कोपऱ्यात लोखंडी सिलिंडर होता, सोडावॉटरवाल्याकडं असतो तसला. कंपाउंडरनं त्याच्या तोंडाला चामड्याची पिशवी बांधली आणि चावी फिरवली. मोठ्यानं फुसफुसलं. पिशवीत पांढरा भुगा जमला. तो ठोकून ठोकून त्यानं खडूएवढी कांडी केली. तिच्यातून धूर निघत होता.

"थंड आहे. जरा चुरचुरेल," डॉक्टर म्हणाला. हे मला. पहिलं वाक्य.

चुरचुरलं नाही. भाजलं. बर्फानं माणूस भाजतं हे मला तिथं कळलं. आधी कानाच्या खाली दाबलं आणि लगेच उचललं. मग गालाच्या मधोमध, जरा जास्त वेळ. मग जबड्यावर. तिथं दाबलं ते उचलेचना. कंपाउंडर घड्याळ बघत आकडे मोजत होता, डॉक्टर दाबत होता. मी ओरडले तसं कंपाउंडरनं एका हातानं माझं डोकं धरलं आणि डॉक्टरनं दुसऱ्या हातानं माझा जबडा. पेन्सिल टेबलावर पडली होती. आता दोघांचेही हात मला लागत होते. विटाळ तेवढ्यापुरता बाहेर गेला होता, बाजवळ उभा राहायला.

तीन जागी तीन तऱ्हा का, हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. पण गाल आगीत धरल्यासारखा झाला होता आणि तोंड उघडत नव्हतं.

गाल सुजला. फोड आले, फुटले, खपल्या धरल्या. मायनं खोबरेल लावलं. ती रोज सकाळी माझं तोंड उजेडाला धरून बघायची. खपल्या पडल्या तेव्हा कानाखालचा डाग होता तसाच होता. मधला थोडा फिका झाला होता. जबड्यावर मात्र पांढराफटक ठिपका उठला होता, बंद्या रुपयाएवढा, कडेनं जाड आणि सुरकुतलेला.

काळ्यात पांढरं. वस्तीत लगेच खबर झाली की मला कोड फुटलं. हापशावर बाया आपली घागर माझ्या घागरीपासून लांब सरकवू लागल्या. आमच्याच बाया. वरच्या आळीनं आम्हाला शिकवलेलं आम्ही एकमेकींवर किती लवकर वापरतो, ते मी तिथं रांगेत उभी राहून बघितलं. म्हाताऱ्यांनी पुन्हा कोंबड्याचं काढलं. ह्या खेपेला बा काही बोलला नाही.

मग मालकांचा निरोप आला. पोरीला घरी पाठवून द्या, मालकीणबाईंना गाल बघायचाय.

मालकांच्या घराच्या मागच्या दारात मला उभं केलं. मालकीणबाई पायरीवर. "उन्हात ये," म्हणाल्या. मी उन्हात गेले. "आता दुसरीकडं वळ." मी वळले. "आता वर बघ." मी वर बघितलं. त्यांनी जबड्यावरचा पांढरा ठिपका बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं. एवढं उतरलं की क्षणभर मला वाटलं, ह्यांना माझं वाईट वाटलं. बघा, माणूस किती लवकर फसतं.

"लय दाबलं वाटतं हितं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मधलंच बरं हाय. पर डोळ्यापशी कसं करावं..." आणि आत कुणाला तरी हाक मारत निघून गेल्या.

तेव्हा मला खिडकी दिसली. मागच्या भिंतीत, गजांची. गजांच्या आत एक पोरगी उभी होती. माझ्याच वयाची. डोक्यावर पदर, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. मालकांची शिवकांता. सातवीत तिची शाळा बंद केली होती आणि तेव्हापासून तिला कुणी बाहेर बघितलं नव्हतं. तब्येत नाजूक आहे, असं सांगायचे.

तिनं पदर मागं घेतला. डाव्या डोळ्याखालून कानापर्यंत काळपट निळं. माझ्याच तोंडाचा तुकडा तिच्या तोंडावर.

"लय दुखलं का गं?" तिनं विचारलं.

मी तिच्यामागं आत बघितलं, तिची अव्वा, म्हणजे आई, येते का ते.

"पांढरं पडलं म्हनून अव्वा घाबरलीय. डाक्टर म्हनला, आता तुज्या डोळ्यापशी करून बघू. तुजं नीट झालं की मग माजं. दिवाळीनंतर मला बघायला यायलेत, नांदेडचे लोक." ती थोडी थांबली. "तू आंदी बसलीस म्हनून बरं झालं. तुजे उपकार हायत."

तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. तेच जास्त लागलं. तिला ते इतकं साधं वाटत होतं, जणू मी तिच्या आधी विहिरीत उतरून पाणी किती आहे ते सांगणार होते.

"तुला कुनी इचारलं का, करायचं का म्हनून?" मी म्हणाले.

"मला कोन इचारतंय?" ती म्हणाली आणि पदर पुढं ओढला. आतून पाय वाजले होते.

मला तिची कीव आली. आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. कारण कोंडलं तिलाही होतं, पण खिडकीच्या आत. सांभाळून. मला उन्हात उभं केलं होतं.

परत जाताना मी मोंढ्यावरून गेले. मालक पोत्यापुढं उभे होते, हातात नळी. खुपसली, काढली, दाणे तळहातावर घेतले, चोळले, फुंकले. आणि टाकून दिले. मी तिथंच थांबले. कानाखाली थोडं, मधे जास्त, जबड्यावर त्याहून जास्त. तीन जागी तीन तऱ्हा. आता सगळं जुळलं. बॅटरीचा उजेड, डोळ्यातल्या डागाचा आनंद, पाळीचे प्रश्न, जीप, मुफत. माझा गाल नमुन्याचा होता. माल दुसरीकडं होता, घरात, झाकून ठेवलेला.

घरी येऊन मी मायला आणि बाला सांगितलं. मायनं तव्यावरची भाकरी उलटलीच नाही, ती करपली. बा भिंतीला पाठ टेकवून कण्हत खाली बसला.

"एकडाव बस," शेवटी तो म्हणाला. "मालक म्हनलेत, कायमचं काम देतो. दिवानजीच्या हाताखाली. पोती उचलायची न्हाईत आता. माजी पाठ न्हाई ऱ्हायली, बाई."

"आन डोळा गेला म्हंजी?"

"कशाला जाईल? डाक्टर हाय तो."

"डाक्टरला म्हाईत असतं तर त्यानं माज्यावर करून बघितलं असतं का?"

पण बाची पाठ खरंच गेली होती. मी ती रोज शेकायची, मला माहीत होतं. त्या पाठीचं ओझं आता माझ्या डोळ्यावर ठेवायचं होतं, एवढाच सवाल होता. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ठरलेल्या दिवशी जीप आली आणि मी बसले. माय दारातच उभी होती. "डोळा उघडा ठेव," एवढंच म्हणाली.

ह्या खेपेला जीपमध्ये मालकही होते. शिवकांता मायबापाच्या मधे, पदरात तोंड. आम्ही मागं, पोत्यांवर.

तोच दवाखाना. तेच स्टूल. बा दाराबाहेर, चपला हातात. सिलिंडर फुसफुसला, कांडी तयार झाली, धूर निघाला. डॉक्टरनं पेन्सिल उचलली आणि स्टुलाकडं दाखवली.

"बस."

मी उभी राहिले.

"बस गं, कांडी विरघळते."

"आंदी तिला बसवा," मी म्हणाले आणि शिवकांताकडं बोट केलं.

डॉक्टरला वाटलं, त्यानं नीट ऐकलं नाही. मालक खुर्चीतून अर्धे उठले. आणि मालकीणबाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, अडवायच्या आत.

"आगं, माज्या लेकराच्या डोळ्याला काई झालं म्हंजी?"

ते वाक्य मी आजही जसंच्या तसं ऐकते. मला काही सिद्ध करावं लागलं नाही. त्यांनीच सांगून टाकलं. त्यांनाही ते कळलं, कारण पदर नाकावरून खाली आला होता आणि त्यांनी तो परत लावला नाही.

डॉक्टर सावरला. गोड आवाजात म्हणाला, "हे बघ, शास्त्र असंच पुढं जातं. कुणीतरी पहिलं असावं लागतं. तुझ्यामुळं उद्या कितीतरी मुलींचं भलं होईल."

"मंग तुमच्या घरातलं कुनी बसवा पहिलं."

"तुझ्या बापानं हो म्हटलंय."

"गाल माजा हाय. मला इचारलं का? जबड्यावर लय वेळ दाबलं ते कामून, सांगितलं का? पांढरं पडंल म्हनून सांगितलं का?"

त्यानं पेन्सिल टेबलावर आपटली. मालक दाराकडं वळले. आवाज अजून साखरेचाच.

"समजाव बाबा तुज्या पोरीला. तुज्या कामाचं मी बोललोय की न्हाई? आमी काय वाईट करायलोत का तुमचं?"

बानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे म्हणत होते, बस. मी त्याच्या डोळ्यात बघत राहिले. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

"बा," मी म्हणाले, "तू देव पुर्णंत सोडलेस. ह्येंला कवा सोडनार?"

बा हलला नाही. मला वाटलं, मेलं सगळं. मग त्यानं हातातल्या चपला खाली टाकल्या. पायात घातल्या. आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला, चपलांसकट, त्या पुसलेल्या फरशीवरून. स्टुलाजवळ आला. माझ्या हाताला धरलं.

"चल, बाई," म्हणाला.

आम्ही बाहेर पडलो. मागून मालकांचा आवाज आला, त्यात आता साखर नव्हती. काय म्हणाले ते मी लिहीत नाही. ज्यांना आमच्या जातीचं नाव माहीत आहे त्यांना शिव्याही माहीत आहेत.

जिंतूरची एसटी यायला वेळ होता. स्टँडवर बा खाली बसला. मी त्याला पाणी आणून दिलं. तो म्हणाला, "काम गेलं." मी म्हणाले, "व्हय." कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही.

आणि काम खरंच गेलं. मोंढ्यातल्या एकाही दुकानात बाला परत पोतं उचलू दिलं नाही. तो देवगाव फाट्याकडं रस्त्याच्या कामावर जाऊ लागला, मोडक्या पाठीनं खडी टाकायला. माय त्याच्यासोबत. एकदा भाकरी खाताना तो म्हणाला, "बसली असतीस तर..." आणि वाक्य तिथंच सोडलं. मी त्याला दोष देत नाही. पण ते वाक्य मी विसरलेही नाही. नकाराची किंमत ज्यानं नकार दिला त्यानंच भरायची असते, पण आमच्या घरात ती बाच्या पाठीनं भरली.

शिवकांताचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. तिला लांब कुठंतरी दिली असं कानावर आलं. तिच्या डोळ्यापाशी कांडी लावली की नाही, लावली तर आधी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यावर लावून बघितली, हे कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा आसपासच्या वाड्या-वस्त्यांमधून बाजारात येणाऱ्या पोरींच्या तोंडाकडं बघत फिरायची. कुणाच्या गालावर नवा पांढरा ठिपका आहे का, ते शोधत.

मी पुढं शिकले, मास्तरीण झाले, आयुष्यभर जिल्हाभर बदल्या घेत शिकवलं. डाग आहे तिथंच आहे. जबड्यावरचा पांढरा ठिपका पण आहे. आता परभणीत लेसरच्या पाट्या लागल्यात. डाग घालवा, पहिली तपासणी मोफत. डॉक्टर सांगायचा ती उजेडाची मशीन शेवटी आली. शेजारच्या पोरी म्हणतात, मावशी, आता तरी काढून टाक. मशीनशी माझं भांडण नाही. ज्या पोरीला तिचा डाग नको आहे तिचा डाग जावा, खुशाल जावा. पण मोफत हा शब्द वाचला की माझा जबडा अजून गार पडतो.

म्हणून वस्तीतली कुठली पोर तिथं निघाली की मी सोबत जाते. मला कुणी बोलवत नाही, तरी जाते. खुर्ची ओढून पोरीच्या शेजारी बसते आणि डॉक्टरला तिच्यादेखत विचारते. हे आधी कुणाकुणावर केलंत? बिघडलं तर काय बिघडतं? बिघडलं तर जिम्मेदार कोण? आणि आम्हाला देताय तेच, तेवढंच, तुमच्या लेकीला द्याल का? काही डॉक्टर नीट समजावून सांगतात. त्यांच्याकडं पोर बसते. काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. तिथून आम्ही उठतो, पायात चपला असतातच.

माझ्या गालाचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवीन तेव्हा मी ठरवीन. ज्याला माझं तोंड बघायचं असेल त्यानं समोर बसावं, माझ्याशी बोलावं आणि हातानं धरून बघावं. पेन्सिल उचलली, की मी उठले.